पायथ्याचे पाच मंगळवार

या आखाजीला माझी नणंद आली नाही.

ज्यांच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कॅलेंडरवरचा नुसता एक सण, त्यांना यात काही मोठं वाटणार नाही. आमच्या बऱ्हाणपुरात, आणि खाली सगळ्या खानदेशात, आखाजीला लेकी माहेरी येतात. झोके बांधायचे, सांजोऱ्या तळायच्या, आमरस करायचा. माझी नणंद दापोऱ्याला केळीवाल्यांच्या घरात दिलेली. लग्न झाल्यापासून तिने एक आखाजी चुकवली नव्हती. माझे यजमान गेले त्या वर्षी मला वाटलं, भाऊच नाही तर आता कशाला येईल. तर ही बाई सकाळी नऊलाच आमच्या लोधीपुऱ्यात दारात उभी, हातात केळ्यांची फणी, आणि म्हणते, "भाऊ गेला म्हणून माहेर गेलं काय? तू हायेस ना अजून."

तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे मी. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझं म्हणायला तेवढंच एक माणूस.

या वर्षी मी माळ्याच्या कडीला झोका बांधून घेतला, रस काढून ठेवला, सांजोऱ्या झाकल्या. बारा वाजले, एक वाजला. दोनला तिच्या सुनेचा फोन आला.

"मामी, आई नाही येत. पाय दुखून राहिलेत त्यांचे."

"कोणता पाय?" मी विचारलं.

तिकडे क्षणभर शांत. मग म्हणाली, "दोन्ही."

पाय खरंच दुखत असेल तर माणूस डावा-उजवा लगेच सांगतं. मी काही बोलले नाही. बोलायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं, ही माझी जुनी सवय. मग सूनच म्हणाली, "मामी, एक विचारू? आईंच्या इच्छापूरच्या मंगळवारांचं तुम्हाला ठाऊक होतं?"

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. ठाऊक होतं, आणि मला वाटत होतं की तिच्या माणसांत फक्त मलाच ठाऊक आहे.

आता आधी माझं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझे वडील महाराष्ट्रातून इकडे कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. वर्तमानपत्राचा कागद तयार व्हायचा तिथे. कडेचा फाटका, सुरकुतलेला कागद वडील घरी आणायचे. त्यावर शाई पसरायची, एका अक्षराची दोन दिसायची. आठवीत आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली, पण कागद येत राहिला. मग मी काय लिहायचे? शेजारी कोण कोणाला काय बोललं ते. नळावरचं भांडण जसंच्या तसं, कोणी कोणता शब्द टाकला त्यासकट. पुढच्या जन्माची सगळी तयारी त्या नळावर झाली म्हणा ना.

लग्न होऊन लोधीपुऱ्यात आले. यजमान कापडाच्या दुकानात हिशेबाला होते आणि वरून एका साप्ताहिकाचे वार्ताहर. एकदा त्यांना कावीळ झाली. तीन आठवडे मीच बातम्या लिहून त्यांच्या नावाने पाठवल्या. चौथ्या आठवड्यात संपादक स्वतः घरी आले. धोतर, छत्री, आणि नजर अशी की घरात चोरीचा माल लपवलाय.

यजमानांना म्हणाले, "तुमचं अक्षर एकदम सुधारलंय. आजारपणात कोणाचं अक्षर सुधारत नसतं. कोण लिहितं?"

यजमानांनी नुसतं स्वयंपाकघराकडे बोट केलं.

रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा घेतला आणि माझी एक बातमी पुढे टाकली. एका खेड्यातला मास्तर चार महिने शाळेत येतच नाही, अशी मी लिहिलेली. "हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "तिथल्या एका बाईने." ते म्हणाले, "तो मास्तर इंदूरच्या दवाखान्यात आहे. त्याचा पाय कापलाय. बायको सकाळी माझ्या दारात येऊन रडून गेली." मग छत्री उचलता उचलता म्हणाले, "एका तोंडाचं ऐकून छापायचं नाही, बाई. दुसरं तोंड शोधायचं. नाही सापडलं तर बातमी नाही."

त्या मास्तरांच्या घरी मी माफी मागायला गेले. त्यांची बायको दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा विचारलं नाही. तो दिवस मी विसरले नाही. त्या दिवसापासून माझ्या वहीची पद्धत ठरली. डाव्या पानावर पहिलं तोंड, उजव्या पानावर दुसरं. उजवं पान कोरं असेल तर डावं पान मेलेलं.

पुढे पंधरा वर्षं मी स्वतःच्या नावाने बातम्या दिल्या. केळीवरचा रोग, तापीचा पूर, यंत्रमागांचा संप. मग एकदा नदीच्या घाटावर पिक्चरचं शूटिंग आलं. मी बातमीसाठी गेले होते. हिरॉइन शेतकऱ्याची सून झालेली, आणि सासऱ्यासमोर नवऱ्याला नावाने हाक मारून वाद घालत होती. मला हसू आवरेना. सगळं शूटिंग थांबलं. दिग्दर्शक चिडून माझ्याकडे आले.

"काय झालं हसायला?"

"अशी बोलली तर ही बाई त्या घरात दुपारपर्यंत टिकायची नाही," मी म्हटलं.

"मग कशी बोलेल?"

"सासऱ्याशी बोलणारच नाही. म्हशीशी बोलेल, सासऱ्याला ऐकू जाईल असं."

त्यांनी हातातली पेन्सिल माझ्या हातात दिली. एवढीच माझी सिनेमातली भरती. नंतर मालिका आल्या, काही चित्रपट आले. मी बऱ्हाणपुरातूनच लिहायचे आणि कुरिअरने पाठवायचे. मुंबईला फार तर दहा वेळा गेले असेन. पडद्यावर नाव यायचं तेव्हा लोक उठून चप्पल शोधत असायचे. मला त्याचं काही नाही.

पण बातमीदारीची एक खोड माझ्याबरोबर पटकथेतही आली. कोणताही प्रसंग लिहायचा तर तो दोन तोंडांनी ऐकल्याशिवाय मला लिहवायचा नाही. मुंबईचे लोक हसायचे. म्हणायचे, "बाई, ही कथा आहे, पंचनामा नाही." मी म्हणायचे, "असू द्या. माझा हात चालत नाही."

आता मंगळवारांचं.

मागच्या आखाजीला आम्ही दोघी झोक्यावर बसलो होतो. साठी ओलांडलेल्या दोन बाया, एकीचे पाय जमिनीला टेकतात, एकीचे नाही. रस जरा जास्त झाला होता. नणंद हसायला लागली आणि मध्येच म्हणाली, "वैनी, एक सांगू? मी इच्छादेवीची एक पायरी चढलेली नाही."

हे वाक्य म्हणजे काय ते कळायला तिच्या घरची गोष्ट माहीत पाहिजे. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली असताना नवऱ्याला मुदतीचा ताप आला. उतरेना. सासूने नवस बोलला, सून पाच मंगळवार इच्छापूरला जाऊन अनवाणी देवीचा डोंगर चढेल. ती पाच मंगळवार गेली, नवरा उठून बसला. दापोऱ्यात ही गोष्ट सासूने मरेपर्यंत सांगितली. हळदीकुंकवाला सांगितली, बारशाला सांगितली. माझ्या नणंदेला त्या घरात जो मान मिळाला तो या पाच मंगळवारांवर.

आणि ती मला सांगत होती, "पहिल्या मंगळवारी बसमधून उतरले, पायथ्याशी लिंबाखाली जरा टेकले. बसले ती बसलेच. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मले कोणी हाक मारत नव्हतं. ना सासू, ना दीर, ना म्हैस. बाजूला भजी तळत होते. घेतली गरम गरम. नारळ एका चढणाऱ्या बाईजवळ दिला, म्हटलं माझ्या नावाने ठेवजो. नारळ वर गेला, मी नाही गेले. पाचही वेळा."

"आणि पाय? घरी पाय बघितले नाही कोणी?"

"बसस्टँडवरून घरापर्यंत चपला पिशवीत टाकून यायची. मातीने भरायचे चांगले."

आम्ही इतक्या हसलो की झोक्याची कडी करकरली.

मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. दिग्दर्शक (तो घाटावरचा नाही, हा आताचा, तरुण) बायकांच्या सुट्टीवर चित्रपट करायचा म्हणत होता. मी त्याला हा एकच प्रसंग फोनवर सांगितला. तो म्हणाला, "बाई, याच्यावरच पिक्चर उभा करू." गावाचं नाव मी बदललं, देवीचं बदललं, तापाचा अपघात केला. भज्यांचे शेंगदाणे केले. कारण पडद्यावर कढई आली की लोक कढईकडे बघतात, बाईकडे नाही.

आणि आता हे बिंग दापोऱ्यात पोचलं होतं.

सांगितलं कोणी? सुनेचा फोन ठेवल्याबरोबर मी कागद घेतला आणि पटकथा कोणाकोणाच्या हातातून गेली ते लिहायला बसले. दिग्दर्शक. त्याचे मदतनीस. आणि तहसीलीजवळचे टायपिंगवाले भाऊ, कारण माझं हातचं लिखाण तेच कॉम्प्युटरवर चढवतात. भाऊंच्या नावाशी माझी पेन्सिल थांबली. त्यांची सासुरवाडी दापोरा.

झालं. मला चोर सापडला. दुसऱ्या दिवशी दहाला त्यांच्या दुकानात.

"भाऊ, माझ्या कागदातलं तुम्ही सासुरवाडीला काय काय सांगितलं?"

ते एका शपथपत्रावर बसले होते. चष्म्यावरून बघितलं. "क्या बताया, मॅडमजी?"

"मंगळवारचं."

"कौनसा मंगळवार?"

"नाटक करू नका."

त्यांनी कीबोर्ड बाजूला सरकवला. "मॅडमजी, तीस साल से टाइप कर रहा हूँ. लोगों के तलाक, जमीन, मारपीट, सब इन उंगलियों से गया है. पढ़ने लगूँ तो काम कब करूँ?" आणि मग मराठीत, जरा दुखावून, "तुमच्या पिक्चरमधी काय हाय, मले एक अक्षर माहीत नाही."

मला विश्वास बसला नाही. त्यांच्याकडचे माझे कागद आणि पेन ड्राइव्ह मी त्याच पावली उचलून आणले. दोन दिवस त्यांच्या दुकानावरून जाताना मान वळवली. एवढ्या वर्षांची ओळख, नमस्कारसुद्धा केला नाही. दिग्दर्शकालाही फोन करून आडून आडून विचारलं, तुझ्याकडे खानदेशातलं कोणी कामाला आहे का? तो म्हणाला, "नाही, का?" मी म्हटलं, "असंच." त्याच्या "का"चाही मला संशय आला.

नणंदेला रोज फोन लावत होते. वाजायचा, उचलायची नाही. दर शनिवारी तिचा फोन यायचा, या शनिवारी तोही नाही. आमच्या जिन्यावर कोणाचे पाय वाजले की मला वाटायचं तीच. ती नसायची.

तिसऱ्या दिवशी डोकं थोडं ताळ्यावर आलं आणि मी करायला हवं होतं ते केलं. सुनेला फोन लावला. म्हटलं, "बाई, तू काय ऐकलंस, शब्दाला शब्द सांग. तुझ्या मनाचं काही घालू नकोस."

ती आधी तयार होईना. मग एकदम सुटली. "हेच की आई डोंगर चढल्याच नाहीत. खाली लिंबाखाली बसून भजी खायच्या. आणि मला काय म्हणाल्या होत्या, मामी? आमच्या यांचा ट्रॅक्टरवरून पडून खुबा मोडला तेव्हा? 'मी पाच मंगळवार अनवाणी चढली, तू पण चढ.' वैशाखात चढले मी. तळव्याला फोड आले होते. आणि ह्या भजी..."

हा भाग मला माहीतच नव्हता. नणंदेने झोक्यावर मला अर्धीच गोष्ट सांगितली होती. हसण्याची अर्धी.

फोन ठेवला आणि तो शब्द कानात राहिला. भजी.

माझ्या पटकथेत भजी नाहीत, शेंगदाणे आहेत. कागदावरून फुटलं असतं तर दापोऱ्यात शेंगदाणे पोचले असते. म्हणजे टायपिंगवाल्या भाऊंनी नाही. दिग्दर्शकाने नाही, त्याला फोनवर मी खाण्याचं काही सांगितलंच नव्हतं. ज्याला भजी माहीत होती अशा माणसाने. मी कोणाला भजी बोलले नव्हते. नणंद कशाला बोलेल?

वही काढली. डावं पान: मागची आखाजी, झोका, नणंद, सगळं टिपलेलं. मग उजवं पान बघितलं. माझ्याच अक्षरात होतं, "इच्छापूर, नारळवाली. हो म्हणते. भजी, बरोबर. लिंब होता, आता तोडला."

म्हणजे भजी मीच बोलले होते.

मागच्या पावसाळ्यानंतर मी इच्छापूरला गेले होते. दर्शनाला म्हणून, पण खरं तर दुसऱ्या तोंडासाठी. पायथ्याशी एक म्हातारी नारळ विकते, तिची सासू आधी तिथेच विकायची, तेव्हा ही सासूजवळ बसायची. मी तिच्याकडून नारळ घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, की पूर्वी दापोऱ्याच्या केळीवाल्यांची नवी सून मंगळवारी इथे लिंबाखाली बसून भजी खायची का. ती हो म्हणाली, मी घरी येऊन लिहिलं, आणि विसरूनही गेले. माझ्या दृष्टीने ते काम झालेलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी इच्छापूरची बस धरली. म्हातारीने लगेच ओळखलं.

"तुम्ही त्याच ना? दापोऱ्याच्या बाईचं विचारत होत्या?"

"हो. तुम्ही ते कोणाला बोललात का?"

"मग? बोलणार नाही?" तिने ओटीच्या पुडीत तांदूळ भरता भरता माझ्याकडे वर बघितलं. "माझी धाकली सून दापोऱ्याचीच हाय. तिले म्हटलं, कोणी शहरातली बाई येऊन गेली, डोळ्याले चष्मा, हातात वही. केळीवाल्यांच्या म्हातारीची चौकशी करून राहिली. जमिनीचं काही असंल, कोर्टाचं असंल. त्या घराले सावध कर. एवढ्या वर्षांनी कोण कोणाची भजी विचारतं?"

"मी तिची भावजय आहे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भावजय? मग घरी जाऊन तिलेच विचारायचं ना, माय. मले कशाले विचारलं?"

एवढा साधा प्रश्न संपादकांनी मला कधी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला नाही.

तिथून दापोऱ्याला गेले. नणंद ओसरीवर बसून लसूण सोलत होती. मला बघून उठली नाही. सून आतून आली, पाण्याचा तांब्या ठेवला. नणंदेला म्हणाली, "अहो, मामी आल्यात." 'आई' म्हणाली नाही. ते 'अहो' नणंदेच्या अंगाला कसं लागलं ते मी बघितलं. लसणाची पाकळी तिच्या हातातून सुटली.

मी सगळं सांगितलं. वही, उजवं पान, नारळवाली. काही लपवलं नाही. पटकथेचंही सांगितलं. ते तिला माहीतच नव्हतं. म्हणजे तिचा राग फक्त एवढ्यावर होता, की तिची गोष्ट मी बाहेर बोलले.

"पिक्चर?" ती म्हणाली. "माझा?"

"नाव नाही गं. गावही नाही. भजी पण काढलीत."

"तुले माझा भरोसा नव्हता?"

"होता."

"मग नारळवालीले विचारायले कशाले गेली? मी खोटं सांगेन वाटलं? एवढी गोष्ट मी माझ्या नवऱ्याले नाही सांगितली मरेपर्यंत. तुले सांगितली. आणि तू गेली तपासायले."

पद्धत आहे माझी, असं म्हणणार होते. तोंडातून निघालं नाही.

"मी आजच फोन करून तो प्रसंग काढायला सांगते," मी म्हटलं.

"काढून काय व्हईल? माझ्या घरात तो पिक्चर रोज चालू हाय." तिने डोळ्यांनी दाराकडे खूण केली. सून उंबऱ्यात उभी होती.

सून पुढे आली आणि मला नाही, तिला म्हणाली, "मला बाकी काही नाही. तुम्ही चढल्या नाही, बरं केलं. मला का चढवलं, तेवढं सांगा."

नणंद लसणाची साल गोळा करत राहिली. मग म्हणाली, "तू चढत होती तेव्हा मी तुझ्या मागे बसने आली होती. दोन मंगळवार. पायथ्याशी उभी राहिली. म्हणणार होती, बस खाली, काही नको चढू. नाही म्हटलं. तू मग मले काय मानलं असतं?"

सुनेला ते खरं वाटलं की नाही मला सांगता येणार नाही. मलाही तेव्हा वाटलं, खरंच गेली होती का ही? आणि तो विचार मनात आल्याबरोबर माझी मलाच लाज वाटली, कारण माझं बोट पिशवीतल्या वहीपर्यंत पोचलं होतं. नणंदेने ते बघितलं.

"लिही," ती म्हणाली. "आता बसमधल्या कंडक्टरले शोध जाऊन."

त्यावर सून हसली. नको असताना, नाकातून हसू फुटावं तसं. नणंद हसली नाही. पण सुनेने पडलेली लसणाची पाकळी उचलून तिच्या सुपात टाकली.

मी निघताना सून रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "मामी, पिक्चर काढायचाच असेल तर माझे फोड पण दाखवा. नुसतं खाली बसणारीचं नका दाखवू."

घरी आल्यावर दिग्दर्शकाला फोन केला. ओसरीवरचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, तो प्रसंग थांबव. दोघी बाया हो म्हणेपर्यंत तो माझा नाही आणि तुझाही नाही. तो खूप बोलला. पिक्चर कसा उभा राहणार, तारखा कशा, वगैरे. मग म्हणाला, "आणि सून चढतेय, सासू खाली उभी आहे, हे कुठून आलं? हे तर आणखी चांगलं आहे." मी फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन नाही. मनात येतं, तो दुसऱ्या कोणाकडून लिहून घेत असेल. असेलही.

टायपिंगवाल्या भाऊंकडे गेले, माफी मागितली. त्यांनी माझे कागद परत घेतले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "इस बार पढ़ूँगा, मॅडमजी."

झोका मी सोडला नव्हता. आखाजी होऊन महिना गेला तरी तसाच होता. एका शनिवारी सकाळी जिन्यावर पाय वाजले. नणंद होती, मागे सून. नणंद आत आली, झोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पिशवी कुठी हाय तुझी?"

मी पिशवी, वही, मोबाइल, सगळं पुढच्या खोलीत खुंटीला टांगलं आणि दार ओढून घेतलं. तेव्हा ती बसली. आंबे संपत आले होते, तरी रस निघाला. तिने त्या दिवशी मला काही सांगितलं नाही. सुनेने तिला 'आई, अजून घ्या' म्हटलं, ते मात्र मी ऐकलं. वहीत लिहिलं नाही. आता इथे लिहिते आहे, पण विचारून.

हे सगळं मी दापोऱ्याला जाऊन दोघींना वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. सुनेने एका ठिकाणी थांबवून वैशाख आहे ना, ते विचारलं. नणंद डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर मी विचारलं, "छापू?"

"पिक्चरचं अजून बघू," ती म्हणाली. "पण हे छाप. दापोऱ्यात पिक्चर सगळे बघतील. पुस्तक कोण वाचतं?"